वल्ली

१९७४ साली नवी पेठेतल्या एका दवाखान्यात म्हातारे चांदसाब नंबरची वाट बघत बसले होते. डॉक्टरांना पोट धरून हसायला लावून गिरणीकामगार रेवणप्पा बाहेर आला, आणि बाकावर बसलेली त्याची बायको रुद्राणी उसळलीच.

“छातीतली कळ सांगितली का?”

“ऱ्हायली की. डॉक्टरच लई हसाय लागले.”

“ही तिसरी खेप! जिना चढताना भिंत धरताय, आन् हितं आलं की नकला. नुसते वल्ली हाय तुमी!”

“गिरणीत समदे तेच म्हणत्यात.”

चांदसाबांना राहवलं नाही.

“बेटी, हा आमचा शब्द हाय. वली. म्हणजे अवलिया, अल्लाचा प्यारा.”

“मग गमत्या माणसाला का म्हणत्यात?”

“अवलियाची तऱ्हाच न्यारी. लोकांना हसू येतं, मग तसल्या कुणालाबी वल्ली म्हणत्यात.”

“ऐकलंस? पड पाया!” रेवणप्पा म्हणाला.

“चाचा, अवलियाची कबर असती न्हवं?” रुद्राणीनं विचारलं.

“असती की. दरसाल उरूस भरतो.”

“मला न्हाय भरवायचा!” रुद्राणीचा आवाज चिरकला. “उठा. परत आत चला. आता मी बोलणार, तुमी गप बसायचं.”

रेवणप्पा निमूट उठला. चांदसाबांनी आपला नंबर त्यांना दिला आणि पाय आखडून वाट करून दिली.