चौदा खुंट्यांचं घर

...अवो, गळणारं घर परवडलं म्हणतो मी! गळणाऱ्या घरात माणूस घमेलं मांडतो, विंचवाच्या घरात चप्पल उशाला घेऊन झोपतो, ढेकणाच्या घरात खाट उन्हात टाकतो... पण आमच्या घराला काय करू? सांगा की! न्हाई सांगता यायचं. म्हणून म्हणतो, लक्षणं बघावीत, तुम्हाला सांगतो, घर घ्यायच्या आधी लक्षणं बघावीत!

आता तुम्ही म्हणाल, ह्यो गडी डोळं झाकून घुसला आसंल. न्हाई हो! तिथंच तर जीव जळतो. अख्ख्या दौंडात माझ्याइतकी लक्षणं कुणी बघितली नसतील. मी दौंड ठेसनात पार्सल क्लार्क. गाव इनामगाव, तालुका शिरूर. लगीन झालं वैशाखात, बायको धुरपदा, म्हायेर खुटबाव, म्हंजी दौंडपासनं पाशिंजरनं तासाभराच्या आत. पोरगी पाचपरतावणाला म्हायेरी गेली ती गेलीच. आमचे सासरे, हौसराव मामा, मिशीवर हात ठिवून म्हणले, "जावयबापू, लेक तुमचीच हाय. पर आधी बिऱ्हाड दावा आन् मंग घिऊन जावा. ठेसनाच्या बाकड्यावर नांदायला न्हाई दिली म्या!"

आता बिऱ्हाड काय बाजारात मिळतंय, दोन किलो द्या म्हणायला? रेल्वेच्या क्वार्टरची यादी एवढी लांब, की माझा नंबर येईस्तवर माझ्या नातवाचं लगीन व्हायचं. मी गोदामामागच्या खोलीत, आठजणात एक. सहा महिने, तुम्हाला सांगतो, सहा महिने लगीन झालेला माणूस खानावळीची आमटी पितोय! खुटबावहून कार्ड यायचं, "इकडं सगळी खुशाल हायेत. घराचं काय झालं?" बाकी काय लिहिणार बिचारी? ते कार्ड आधी मामा वाचणार, मंग टपालवाला वाचणार, मंग आमचं सगळं आफिस वाचणार, आन् उरलं तर मी!

आफिसात आमचे अब्राहाम साळवे. वयानं वडील, नगरच्या मिशन शाळेत शिकलेले, भाषा कशी, धुतल्या सदऱ्यावाणी. बदल्या होऊन होऊन तेरा घरं पालटलेला माणूस. मला बसवलं समोर आन् म्हणले, "हे पाहा, घरमालकाचे तोंड पाहू नका, घराची जमीन पाहा. जमिनीवर गोल गोल डाग दिसले, की समजावे, पावसाळ्यात तिथे भांडी मांडतात. एकाच भिंतीला ताजा चुना असेल, तर तिला हात लावून पाहावा. मालक उगाच मोठ्याने बोलू लागला, की आपण गप्प बसावे. शेजारच्या बायका कीव आल्यासारख्या पाहू लागल्या, तर चहासुद्धा न घेता उठावे. आणि शेवटी विचारावे, आधीचा भाडेकरू का गेला?" मी सगळं पार्सलच्या पावतीमागं लिहून घेतलं. लक्षणं, तुम्हाला सांगतो, लक्षणं बघावीत!

पहिलं घर बघितलं लोकोशेडच्या अंगाला. मालक दारातनंच ओरडाया लागला, "हवाऽऽ! हवा बघा हवाऽऽ! उजेऽऽड बघा!" मी गप्प. साळव्यांनी सांगितलं व्हतं ना! तो ओरडतोय, मी गप्प. शेवटी त्याचा दम संपला, आन् पल्याडनं मालगाडी निघाली... भिंत थरथर, जमीन थरथर, कोनाड्यातली रॉकेलची चिमणी आपली आपण चालत चालत कडंला आली, आन् मालकानं माझ्याशी बोलता बोलता, तिकडं न बघता, हात लांब करून ती झेलली! सवय हो, सवय! मी म्हणलं, "भिंत हालती का काय?" तर म्हणतो कसा, "कुठं हालती? तुम्हालाच चक्कर आली आसंल. जेवलाय का सकाळपासनं?"

दुसऱ्या घरात शिरलो तर जमिनीवर गोल गोल डाग. मालकीण म्हणली, "रांगोळीचं हायेत." मी मोजलं. सतरा! सतरा रांगोळ्या? आन् त्यातली एक बरोबर खाटंखाली? खाटंखाली कुणी रांगोळी काढतं व्हय? उठलो. तिसऱ्या घरात चुना एवढा ताजा की सदरा पांढरा करून भाईर आलो. चौथ्याला शेजारीण माझ्याकडं बघून नुसती "आरंऽऽ द्येवा..." म्हणली. खाली बसलोसुदीक न्हाई. आफिसात साळवे पाठीवर थाप मारत व्हते, "शाब्बास! डोळे उघडले तुमचे." डोळं उघडलं, पण बायको खुटबावलाच की!

आन् मंग मिळालं अनसाबाईंचं घर. ह्या अनसाबाई म्हंजी विधवा बाई, स्वभावानं गरीब, स्वतः मागच्या खोलीत राहायच्या. दोन खोल्या, शहाबादी फरशी, डाग न्हाई. भिंती कोरड्या ठणठणीत. बाई बोलायची ती एवढ्या हळू, की कान पुढं करावा लागायचा. शेजारच्या बायका? कीव न्हाई, काय न्हाई, चक्क हसत व्हत्या माझ्याकडं बघून! मी म्हणलं, वा, शेजार खेळीमेळीचा हाय. दारातनं उजवीकडं ठेसन, डावीकडं मामलेदार कचेरी, मागल्या अंगाला बाजार, पुढं दवाखाना. पाण्याला दोन रांजण, एकेकात माणूस बसंल एवढं. आन् भाईरच्या खोलीत भिंतीला रांगेनं सागवानी खुंट्या. मोजल्या. चौदा!

दोन माणसाच्या बिऱ्हाडाला चौदा खुंट्या! आन् मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, काय ही सोय! हसा, हसा. मी बी हसतो आता.

शेवटचा सवाल तेवढा राहिला व्हता. मी म्हणलं, "अनसाबाई, आधीचा भाडेकरू का गेला?" बाई हळूच म्हणली, "सोपानराव व्हते. राहूचे. लई माणूसवेडं बिऱ्हाड बघा, कवा बी बघा, घर भरलेलं! बिचाऱ्यानं आपणहून बदली मागून घेतली भुसावळाला." ऐकलं मी! ह्या दोन कानांनी ऐकलं! राहू म्हंजी दौंड तालुका, खुटबाव म्हंजी दौंड तालुका, एवढं कळाया काय म्याट्रिक लागती? पण माझं गाव पडलं इनामगाव. आमच्या माणसाला काय काम पडलं तर तो जातो शिरूरच्या कचेरीत. दौंडला आमचं काळं कुत्रं येत न्हाई! मला वाटलं, आपल्याकडं कोण येणार? माणूस स्वतःच्या गावाचा इचार करतो हो, बायकोच्या गावाचा इचार कोण करतो?

हौसराव मामा घर बघायला आले. खोल्या बघितल्याच न्हाईत. दारातनं कचेरीपातूर चालत गेले, तोंडानं पावलं मोजत... चाळीस! परत आले, ठेसनापातूर गेले... साठ! परत आले, भाईरच्या खोलीत मधोमध उभं राहिले, पागोटं काढलं, खुंटीला लावलं, आन् माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हणले, "जावयबापू, जागा हेरली!" मला तर गहिवरून आलं. सासऱ्यानं जावयाची तारीफ केली, ह्ये लक्षण चांगलं का वाईट? सांगा! साळव्यांच्या यादीत ह्ये नव्हतंच!

धुरपदा आली. एकटी न्हाई, सोडाया म्हणून सहाजण आले आन् चार दिवस राहिले. म्हणलं ठीक हाय, रीत असती. ते गेले, त्याच गाडीनं दुसरे उतरले. "रामराम जावयबापू! बांधाच्या दाव्याची तारीख हाय. साहेब आज आलं न्हाईत, उद्याला बोलावलंय." उद्याला साहेब आले, तर वकील न्हाई. वकील आला, तर नक्कल न्हाई. बांध हालतोय तिकडं खुटबावला आन् भाकरी संपत्यात इकडं दौंडात! धुरपदाच्या सोजरामावशी आल्या दात काढाया. एक दात, तुम्हाला सांगतो, एका दाताला नऊ दिवस! "आज सूज हाय गं... आज डागदर न्हाई गं... आज आवस हाय, आवसंला दात काढू न्हाई गं..." कुणाची गाडी चुकती. आता मी पार्सल क्लार्क, गाडी ठेसनात उभी असती, मला दिसती, पाव्हणं बी दिसत्यात, डब्याजवळ उभं राहून इडी वढत्यात, गाडी हालती, आन् ते तिला नुसतं बघत राहत्यात! मंग घरी येऊन म्हणत्यात, "चुकली बघा!" का? तर त्या दिवशी आमच्यात मटण! खुंट्या मोजाव्या लागत न्हाईत आता. एक बी रिकामी दिसली की अनसाबाई इचारती, "कुणी आजारी हाय का?"

मला बायको आवडती हो. उघड सांगतो, लाजायचं काय त्यात? सहा महिने कार्डं वाचून काढली ती कशासाठी? तिच्यासंगं दोन शब्द बोलावं, ती कशावरनं हसती ते बघावं, एवढंच मागणं. पण बोलायला ती गावती कुठं? चुलीम्होरं दोन आत्या, दारात तीन चुलते. शेवटी दुपारी ती डबा घिऊन आफिसात यायची, आन् आम्ही मासळीच्या टोपल्या आन् कोंबड्यांच्या खुराड्यांमधी बसून संसार करायचो. साळवे पाठ फिरवून, मोठमोठ्यानं पावत्या वाचायचे. देवमाणूस!

एक दिवस धुरपदाच म्हणली, "अवो, आपण दुसरं घर बघू. लई लांबचं. गळकं असलं तरी चालंल." मला वाटलं, तिथंच खुराड्यावर बसून रडावं!

गेलो दोघं, चालत चालत कुरकुंभच्या वाटंला. तिथं मारुतराव म्हणून म्हातारा शेतकरी, त्याची खोली रिकामी. अहाहा, काय घर! जमिनीवर गोल गोल डाग, मी मोजलं न्हाईत, नुसतं डोळं भरून बघितलं. भिंतीला वल. मारुतराव सरळ माणूस, आपणहून सांगतोय, "पावसात गळतं बरं का." मी म्हणलं, "गळू द्या!" "इच्चू निघत्यात." "निघू द्या!" "पाणी लांबनं आणावं लागंल, कचेरी कोसभर, ठेसन त्याच्या बी पल्याड." धुरपदा मागनं हळूच म्हणली, "घ्या! घ्या!" सौदा पक्का म्हणून सुपारी हातात ठिवली त्यानं! धुरपदाच्या डोळ्यात पाणी. एवढ्यात म्हातारा मायेनं तिच्याकडं वळला आन् म्हणला, "लेकी, म्हायेर कुठलं गं तुझं?"

ती बिचारी भोळी, म्हणली, "खुटबाव."

म्हाताऱ्यानं सुपारी माझ्या हातनं काढून घेतली. दार वढलं, कडी घातली. मी म्हणलं, "आबा, काय झालं? आमचं काय चुकलं?"

तर म्हणला, "तुमचं काय बी चुकलं न्हाई, बाबा. घर गळलं तर शाकारता येतं. खुटबाव मी कशानं शाकारू?"

माणूस लक्षणं बघून भाडेकरू ठेवतो, तुम्हाला सांगतो, आन् त्याचं एक अक्षर खोटं नव्हतं.