मेणातली गुंडाळी

आमी विणकराची माणसं. माहेर बी मागावरचं, सासर बी मागावरचं, घरात तेलुगू अन् बाहेर मराठी, त्यामुळं माझं बोलणं असं खिचडी हाय, तुमी लिवताना नीट करून घ्या. लगीन करून सोलापुरात आले तवा इंग्रजांचं राज्य. आमचे मालक गिरणीत वायरमन, अन् येड तर असलं की काय सांगू तुमाला, भंगारातला ट्रान्सफार्मर इकत आणला. विजेचा जोर लई वाढवायचं यंत्र ते. कशाला म्हणाल तर नुसतं बघायला! दोन तारांमधी निळा जाळ उठायचा, वर सरकत जायचा अन् फुटायचा. मी तर हातच जोडायची.

पर ते चालू केलं की सगळ्या चाळीचे दिवे मंद व्हायचे, फ्यूज जायचा. घरमालक अण्णा म्हणाले, पुन्हा गेला तर तुझी तारच तोडतो. तवापासनं आमचे मालक धड जेवंनात.

मग एक दिस गिरणीतनं हसतच आले. म्हणाले, ह्ये यंत्र वीज मागवतं त्यातली लई वापरतच न्हाय, माघारी धाडतं, नुसती ये-जा, त्यानंच तार तापती. वर्ख अन् कागदाची गुंडाळी शेजारी जोडली तर ती ये-जा घरातल्या घरात हुईल, चाळीच्या तारंवर भार न्हाय. मी म्हटलं, आणिक एक जोडायचं अन् भार कमी? व्हय म्हणाले. मला काय पटंना, पर गुंडाळायचं तर मलाच येतंय की. चहाच्या पेट्यांतला चकचकीत वर्ख, त्यावर कागद, पुन्हा वर्ख, पुन्हा कागद, सुताच्या कांड्या भरायच्या रहाटावर घट्ट गुंडाळलं.

सासूबाईंनी पिठाची खळ शिजवली. आमच्यात खळ दिल्याबिगर सूत मागावर चढत न्हाय, तर हितं बी दिली, कागद सरकू नये म्हणून. मालक बी विणकराचंच पोर, त्यांना बी काय वावगं वाटलं न्हाय. कळ दाबली तर गुंडाळी भात शिजल्यागत रटरटली अन् फाटकन फुटली, फ्यूज गेला. खळीत ओल राहती, ती विजेला चालत न्हाय, हे मागनं उमगलं. अण्णा वरडत आले, सोमवारी पक्कड घिऊन येतो म्हणाले.

मग आमी तिघं बसलो. या वक्ताला खळ न्हाय, मेण. मेणबत्त्या वितळवल्या, कागद बुडवून वाळवला, पुन्हा रहाटावर. टोपलीभर गुंडाळ्या झाल्या. बोटं भाजली माझी, पर मालकांचं त्वांड बघवत नव्हतं, म्हणून थांबले न्हाय.

सोमवारी दिवेलागणीला अण्णा पक्कड घिऊन दारात. मालक म्हणाले, अण्णा, एकडाव बघा अन् मग तोडा. कळ दाबली. जाळ उठला, वर चढला, पर मी जाळाकडं बघितलंच न्हाय, दिव्याकडं बघत होते. दिवा हलला न्हाय. अगं बाई, जरासुदीक न्हाय! तेच यंत्र, तीच तार, अन् वर ही टोपली जोडलेली, तरी भार कमी. अंगावर काटा आला, रडूच आलं मला.

 अण्णांनी पक्कड खिशात घातली अन् म्हणाले, बंद करू नको रं, आमच्या हिला बोलावतो, तिला बी बघू दे.

मालक जाऊन लई वर्सं झाली. माझे डोळे बी गेले, आता दिवा असला काय अन् नसला काय. पर तो जाळ दिसतोय बरं का, अजून निळाच हाय. देवानं एवढं दावलं, आता कवाबी बोलवू दे.