आधी भुतं, मग माझं लग्न

…आणि वर मलाच विचारतात, "काय गं रुद्राणी, आठ महिने झाले लग्नाला, अजून कॅसेट दाखवली न्हाईस!" आता ह्यांना काय सांगू? दाखवायची नाही असं थोडंच आहे? पण माझ्या लग्नाची कॅसेट माझ्या घरात नाही हो! ती सुंदररावांच्या कपाटात आहे, कुलपात, आणि तिच्यात मी यायच्या आधी सत्तर मिनिटं भुतं आहेत. चिनी भुतं. चिनी म्हणलं की सुंदरराव चिडतात, "चिनी नव्हे, कँटनीज म्हणा! त्या दोन भाषांत माजलगाव आणि मद्रासइतकं अंतर आहे!" बरं बाई, कँटनीज. भूत कुठल्याही भाषेतलं असलं तरी माझ्या लग्नात त्याचं काय काम?

तुम्हाला सांगते, मी फार बोलणारी नाही. धर्मापुरीला माहेरी आई म्हणायची, हिच्या तोंडात सकाळी गुळाचा खडा ठेवला तर संध्याकाळी तसाच सापडेल. लग्न माजलगावातच, ह्यांच्या दारातल्या मांडवात झालं; घरात पाऊल टाकलं तेव्हा पुढच्या खोलीत पाहिलं तर जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटी! बाहेर पाटी, 'बसवेश व्हिडिओ लायब्ररी'. सून घरात आली की घर दाखवतात, देव दाखवतात, विहीर दाखवतात. ह्यांनी मला काय दाखवलं? एक कॅसेट कानाजवळ धरून हलवली आणि म्हणाले, "ऐक, हिचा एक स्क्रू सैल हाय." मी काही बोलले नाही. माझा स्वभावच नाही बोलायचा.

पण बघत होते ना! बघत होते की दुकानात माणूस फिरकत नाही. कसा फिरकेल? गावात केबल आली होती, गच्च्यागच्च्यांवरून काळी तार गेली होती, रोज घरबसल्या तीन-तीन पिक्चर, मग उन्हातून चालत येऊन कॅसेट कोण नेणार? आमचे सासरे, शंकरप्पा, आम्ही आप्पा म्हणतो, त्यांची मोंढ्याच्या बाजारात सरकीची अडत. एकदा जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाले, "महांतेश, बास झाले हे खेळ. बसव जयंतीपासून मोंढ्यात येऊन बस. या खोलीत सरकीची पोती लावतो." बस्स! एवढंच. हे ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. भाकरीचा तोच तुकडा ताटभर फिरवत राहिले. नव्या नवऱ्याचं असं तोंड बघवतं का हो कुणाला?

आशा म्हणावी तर एकच होती, ती म्हणजे सुंदरराव. साखर कारखान्यातून रिटायर झालेले केमिस्ट, सायकलवर येणार, डोक्यावरची टोपी कधी काढणार नाही. सुंदररावांचे थोरले भाऊ बोटीवर नोकरीला होते. दुसरे लोक हाँगकाँगहून घड्याळं आणायचे, त्या भावानं भुतं आणली! एकाच पिक्चरच्या दोन कॅसेटी. भाऊ गेला, भुतं राहिली. एक कॅसेट जरा बरी, दुसरी बुरशीनं पांढरी पडलेली, शिळ्या भाकरीसारखी. आणि सुंदररावांसारखे आणखी अकरा जण आहेत म्हणे, हैदराबाद, पुणे, पार कालिकतपर्यंत, अशा पिक्चरच्या कॅसेटी घरात जमवून ठेवतात आणि एकमेकांना पोस्टकार्डं लिहितात. चांगली शिकलीसवरलेली माणसं! सुंदरराव म्हणाले होते, "महांतेश, या दोन्ही धुऊनपुसून, जोडून, एक धडधाकट कॅसेट करून दे. जमलं तर अकराच्या अकरा जण आपापल्या सडक्या कॅसेटी तुझ्याकडं पाठवतील. बारा वर्षांचं काम हाय बघ."

हे कधी सांगितलं? आमच्या लग्नाच्या आठ दिवस आधी. आणि लग्नात काय झालं?

लग्नात शूटिंगला धुळाजी, ह्यांचा जिगरी दोस्त. अक्षतांच्या ऐन वेळेला त्याची कोरी कॅसेट संपली! पळत गेला दुकानात, टेबलावर एक कॅसेट दिसली, तिच्यावर चिनी, चुकलं, कँटनीज अक्षरं. ह्याला वाटलं कंपनीचं नाव असेल. कॅसेटच्या कडेला एक बारकी खिट्टी असते बघा, ती मोडली की वर दुसरं काही भरता येत नाही. तर ह्या शहाण्यानं त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि माझं लग्न भरलं! शेवटची वीस मिनिटं! भूत कसं बांधलं, कोण जगलं, कोण मेलं, सगळ्यावर आमच्या अक्षता. वर मला म्हणतो, "वैनी, मला वाटलं रिकामीच हाय."

सुंदररावांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली. टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "शेवटची वीस मिनिटं आता फक्त दुसरीत हायत." म्हणजे त्या बुरशीच्या कॅसेटीत. हे म्हणाले, "करतो सर. बसव जयंतीच्या आत करतो."

आता वीस मिनिटं म्हणजे किती, माहितीय? अठ्ठावीस मीटर टेप! ह्यांची बोटं बघा, केळ्यासारखी. टेप धरली की चुरगळते, पुसायला गेलं की ताणते. दोन दिवस बघत राहिले मी. तिसऱ्या दिवशी उठले, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शेवयांच्या काठ्या आणल्या, दोन खुर्च्यांवर आडव्या टाकल्या, आणि ह्यांच्या हातातून टेप काढून घेतली. अहो, धर्मापुरीला दर उन्हाळ्यात केसासारख्या बारीक शेवया ओढून काठीवर टाकणारी मी, मला ह्या टेपेचं काय अप्रूप! तीच गत. ओढायची पण ताणायची नाही, टाकायची पण चिकटू द्यायची नाही. आप्पांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यावर स्पिरिट, आणि बोटाबोटानं पुसत जायचं. चैत्रातली दुपार, धूळ उडू नये म्हणून दारं बंद, पंखा बंद! आम्ही दोघं घामानं भिजलेलो आणि मध्ये भूत काठीवर वाळत घातलेलं. शेजारच्या दगडाबाई खिडकीतून डोकावल्या, "अगं बाई, काळ्या शेवया! नाचणीच्या का गं?" मी मान हलवली. कोण समजावत बसणार!

रोज थोडा थोडा भाग लावून बघायचो. आत्याबाई दारातनं बघायच्या. तो पिक्चर असा, की मेलेली माणसं ताठ उभी राहतात, हात पुढं करून टणाटण उड्या मारत येतात, आणि कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवला की जागच्या जागी थिजतात. आणि त्या भुतांना डोळ्यांनी दिसत नाही, ती श्वासावर माणूस ओळखतात. श्वास रोखून उभं राहिलं की बाजूनं निघून जातात. हे ऐकून हे हसले. मला नाही आलं हसू. नव्या सुनेला हे कुणी पिक्चर काढून शिकवायला लागतं का? आप्पा ओसरीवर आले की मी दुसरं काय करत होते?

आत्याबाईंना मात्र त्यातला घंटा वाजवणारा पुजारी आवडला. "हे स्वामी कोणत्या मठाचे गं?" पण भुताचं कपाळ काही त्यांना बघवेना. "कागद कावून लावलाय त्याला? आमच्या घरात कुणाचं कपाळ असं न्हाई राहत." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही कुणी नसताना, त्यांनी कॅसेटचं झाकण उचललं, लेकाला उचलताना बघितलं होतं ना, आणि आत टेपेला तीन बोटं भरून विभूती लावली! भावना बघा ना माउलीची… भुताचं भलं व्हावं म्हणून!

हे कॅसेट लावतात तर काय, पडद्यावर नुसती मुंग्यांची वारुळं! राख गेली मशिनच्या डोक्यात, टेप अडकली, आत गोळा झाली, करकर वाजली. हे मशिन बंद करून बसले. "संपलं," म्हणाले, "रुद्राणी, संपलं बघ सगळं." लग्नाला दोन महिने होऊन गेले होते आणि नावानं हाक मारली ती ही पहिलीच! त्याच्या आधी नुसतं "अगं ए." आता सांगा, मी आत्याबाईंवर रागवायचं की त्यांच्या पाया पडायचं? मी काही बोलले नाही. काठ्या आणल्या. अठ्ठावीसचे अठ्ठावीस मीटर परत पुसले. चुरगळलेली टेप नखानं सारखी केली, तुटली तिथं जोडली. हे म्हणाले, "आता ही एकदाच चालंल. एकदा चालली की गेली."

बसव जयंतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, लाईट होती तेवढ्यात कॉपी करायला बसलो. ठरलं असं की पहिल्या कॅसेटीवरून सत्तर मिनिटं भरायची, भूत दाराशी येतं, दार उघडतं, आणि लगेच, माझं लग्न सुरू व्हायच्या आत, रेकॉर्डिंग थांबवायचं. मग दुसरी लावून पुढची वीस मिनिटं. बटणावर बोट ह्यांचं, लाल दिव्याकडं लक्ष माझं.

दार उघडलं.

आणि दारात मी! बाशिंग बांधलेली, डोळ्यांपुढं कागदी झालरी, ताठ, हात खाली, थिजल्यासारखी. लग्नातलं माझं रूप ना ह्यांनी धड बघितलेलं ना मी. लग्नाच्या दिवशी बाशिंगाच्या झालरीतनं मला दिसलं काय, तर ह्यांच्या पायाचा अंगठा. आणि ह्यांना दिसली असेल मामांची टोपी.

हे बघतच राहिले. बोट बटणावर तसंच. "तू…" म्हणाले, "तू अशी दिसत होतीस?" आणि पडद्याकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायचे, परत पडद्याकडं. स्क्रू सैल आहे का ऐकताना जसे कान देऊन ऐकतात ना, तसे डोळे देऊन बघत होते.

लाल दिवा चालू होता. मला दिसत होता. चांगला दिसत होता! तेवढं एकच काम होतं मला.

मी काही बोलले नाही.

अर्ध्या मिनिटानं ह्यांना आठवण आली, खाडकन बटण दाबलं, मला म्हणाले, "बरं झालं, वेळेत दाबलं." मी श्वास रोखून उभी. मग दुसरी लावली, ती बिचारी वीस मिनिटं नीट चालली, भूत बांधलं गेलं, गुंडाळताना टेप तुटली ती कायमची. म्हणजे आता परत करायचं म्हणलं तरी सोय नाही. आणि मधलं काढायला जावं तर पुढचं पुसतं! रात्रभर मनाशी म्हणत होते, बाई गं, एका बघण्यापायी नवऱ्याचं दुकान घालवलंस. सरकीच्या पोत्यांचा वास सुद्धा येऊ लागला मला त्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, प्रसाद झाला, आणि सगळे पुढच्या खोलीत. आप्पा खुर्चीवर, आत्याबाई चटईवर, धुळाजी दाराशी, चप्पल पायातच ठेवून, म्हणजे पळायला बरं. सुंदरराव टीव्हीसमोर, टोपी घालून. सत्तर मिनिटं कुणी हललं नाही. चित्र असं स्वच्छ की भुताच्या कपाळावरच्या कागदाची घडी दिसावी! सुंदरराव नुसते मान डोलवत होते. आणि मी? माझं लक्ष घड्याळाकडं. भूत दाराशी आलं. दार उघडलं.

"अगं बाई!" आत्याबाई ओरडल्या. "ही तर आपली रुद्राणी!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आप्पांनी ह्यांच्याकडं बघितलं. धुळाजी गायब. पडद्यावर मी अर्धा मिनिट ताठ उभी, कपाळावरून कागद लोंबतायत, आणि लगेच तो पुजारी, घंटा वाजवत माझ्याच अंगावर धावून येतोय असा! सुंदररावांनी टोपी काढली. म्हणलं, संपलं.

"मागं घ्या," म्हणाले.

तुम्हाला सांगते, हा माणूस जन्मात कुणाला कॅसेट मागं घेऊ देत नाही, टेप झिजते म्हणून! त्यांनी स्वतः मागं घेतली. परत दार उघडलं, परत मी. परत मागं. मग आमच्याकडं वळले, डोळे पुसत, आणि मला आधी कळेना हसतायत की रडतायत. "एकतीस वेळा बघितला हा पिक्चर," म्हणाले. "एकतीस वेळा दार उघडायच्या आधीच मला माहीत होतं, दारात कोण हाय. आज पहिल्यांदा दचकलो. भाऊ असता ना… खुर्चीवरनं पडला असता. महांतेश, हिला हात लावायचा न्हाई. अकरा जणांना अशीच पाठवायची."

आप्पा उठले, उपरणं झटकलं, म्हणाले, "सरकी दुसरीकडं लावतो." आणि जाता जाता दारात थांबून, "सूनबाई, भूत बरं दिसलीस."

ह्या घरात माझं पहिलं कौतुक ते!

आता पार्सलं येतात. हैदराबादची बुरशी वेगळी, कालिकतची वेगळी, वास घेऊन सांगते मी. ह्यांनी मला खिडकीपाशी वेगळं टेबल करून दिलंय, शेवयांच्या काठ्यांची जोडी माझी स्वतःची, आणि आत्याबाई विभूती लावतात ती आता कॅसेटला नाही, माझ्या कपाळाला, कामाला बसायच्या आधी. धुळाजीनं गल्लत केली नसती, आत्याबाईंनी राख घातली नसती, तर मी अजून त्या ओसरीवर श्वास रोखूनच उभी असते की! कुणाकुणाचे उपकार मोजू?

एकच रड आहे. ती मूळ कॅसेट सुंदररावांची. भावाची आठवण, ते देणार नाहीत, आणि मागायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून सांगते बायांनो, लग्न बघायचं असेल तर रविवारी चार वाजता सुंदररावांकडं या. पण पुढं ढकला म्हणायचं नाही, टेप झिजते. सत्तर मिनिटं भुतं बघायची, मग मी. माझ्या आईनंसुद्धा तशीच बघितली. धर्मापुरीहून आली, पदर तोंडात धरून सगळी भुतं बघितली, आणि शेवटी मी दारात उभी राहिले तर काय म्हणाली असेल?

"हे शेवटचं भूत तेवढं गरीब होतं गं."

मी काही बोलले नाही.