शंभराच्या वर

नाही हो, शून्य नसतंच! तिथंच मी फसले. तीस प्रश्न, प्रत्येकाला कमीत कमी एक मार्क — म्हणजे ठणठणीत माणसालाही तीस. तुम्हाला तीस, मला तीस, आत प्रश्न विचारतात त्या बाईंनाही तीस. आमच्या भावाला पहिल्या दिवशी एकशे चार मिळाले, तर मी शेजारणीला फोन केला — शंभराच्या वर गेला म्हणून! शाळेत कधी पस्तीसच्या पुढं गेला नव्हता. मग कळलं, या मनाच्या दवाखान्यात मार्क जास्त म्हणजे दुखणं जास्त. तुम्ही वडिलांना घेऊन आलात ना? पहिलीच खेप? मग शेजारणीला इतक्यात फोन करू नका.

शिलाई मशीन दुरुस्त करतो तो. मशीन त्याच्याशी बोलायचं — टाके घालता घालता सांगायचं, समोरचा औषधवाला तुझ्यावर पाळत ठेवतोय. त्या औषधवाल्याला स्वतःच्या दुकानातली गोळी सापडत नाही, तो कसली पाळत ठेवतोय! पण भावाला ते ऐकू यायचं हो, खरंखुरं. तीन-तीन दिवस जेवायचा नाही. हसू नका. बरं, हसा — आता तोही हसतो.

गोळी सुरू झाली आणि दर पंधरा दिवसांनी ही परीक्षा. आवाज येतात का, किती वेळा, त्यांचं ऐकता का — आणि मध्येच, सफरचंद आणि चेंडू यांत सारखं काय? हा म्हणाला, दोन्ही ताईनं मला फेकून मारलेत. खोटं नाही ते! मग म्हणीचा अर्थ — नाचता येईना अंगण वाकडं. तर म्हणाला, आधी अंगण मोजून बघा ना, खरंच वाकडं असलं तर? बाई हसल्या, तरी दोन मार्क जास्त दिलेच. दुरुस्तीवाल्याला दुसरं काय सुचणार? तरी अठ्ठावन्नवर आला. अठ्ठावन्न! मशीनं गप्प झाली, तीन गिऱ्हाइकं परत आली, औषधवाल्याला तर स्वतःहून नमस्कार केला — तोच बिचारा दचकला.

घरच्यांनाही वही देतात, घरी काय दिसलं ते रोज भरायचं. मी भरत होते — इमानानं. म्हणजे आधी इमानानं. मग एक दिवस तो म्हणाला, ताई, दुकानावरची खोली रिकामी झालीय, मी तिथं राहीन म्हणतो. एकटा. अकरा वर्षं हो... अकरा वर्षं मी दोन ताटं मांडतेय, एक ताट कसं मांडायचं ते मला येतं तरी का? तर त्या दिवशी वहीत 'आवाज येतात' यापुढं खूण केली. एकच. म्हटलं, काय बिघडतं? दुसऱ्या दिवशी आणखी एक — एकटी खूण बरी दिसत नाही ना.

बिघडलं. डॉक्टरांनी वही बघून गोळी वाढवली. याचे हात थरथरायला लागले. मशीनवाला माणूस, आणि सुईत दोरा ओवता येईना! माझ्याकडे घेऊन आला — ताई, तू ओव. आणि मी ओवला. 

कळलं की त्याला! काल वही उघडी राहिली. वाचली, नीट वाचली आणि म्हणाला, ताई, हे आवाज कुणाला येतात? मला तर नाही येत. मी वही ओढून घ्यायला गेले, तर माझ्याजवळ बसला, म्हणाला — तुला येत असतील तर सांग, घाबरू नकोस, इथली गोळी चांगली आहे. खरंच म्हणाला तसं! मला हसू आवरेना की रडू, तेच कळेना. मग सगळं सांगितलं. त्यानं वही मिटली, माझ्या हातात दिली. नंतर म्हणाला, खोलीला पडदे लागतील, मापं तू घे.

सगळ्या खुणा खोडल्यात मी, प्रत्येकीखाली सही केलीय. आता त्याचं झालं की मी आत जाणार आणि बाईंना सांगणार. रागावतील? रागावू देत. गोळी तर कमी होईल — होईल ना? तुम्हाला काय माहीत म्हणा, तुमची पहिलीच खेप. अगं बाई, दार उघडलं. सरका, सरका जरा, माझी वही तुमच्या खाली आहे — आले रे! काय? कुणाशी बोलतेय? नाही रे, कुणाशी नाही. एकटीच बोलत होते.