पायलचा जन्मदाखला

पांडुरंगा, शब्द तुझे, दम माझा — सांभाळून घे!

मंडळी, ऐका. टाळकरी काका, टाळ जरा मांडीवर ठेवा, कारण आधी एक प्रश्न आहे. शाळकरी पोरीचा असला तरी सोपा नाहीये हं! आत्ता कीर्तन संपलं की तुम्ही प्रसाद वाटणार. जितकी माणसं जास्त, तितका एकेकाच्या वाट्याला कमी. बरोबर? मग पापाचंही तसंच असतं का? अख्ख्या गावानं मिळून एक खोटं केलं, तर प्रत्येकाला चिमूटभर येतं — की प्रत्येकाला अख्खंच्या अख्खं?

पुढच्या रांगेतल्या आजी हसल्या. हसा, आजी. पण आख्यान संपेपर्यंत हसत राहा म्हणजे मिळवली!

तर गाव बोरखिंड. दीडशे उंबरा. तिथं ग्रामपंचायतीच्या कचेरीत एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर बसणारी कमल. कमल धोंगडे. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, रहिवासी, घराचा आठ-अ उतारा — सगळं हिच्या बोटांतून निघायचं. रेंज गेली की खिडकीतून डोकं बाहेर काढून डोंगराला शिव्या द्यायची! गाव म्हणायचं, "चित्रगुप्ताला वही, आपल्या कमळीला की-बोर्ड!"

झालं काय, निवडणूक लागली. आणि सरपंचपदाला आरक्षण पडलं — अनुसूचित जमाती, महिला. आता गावात त्या जमातीची घरं किती? दोन! दोघं भाऊ, सोमा मेंगाळ आणि लहानू मेंगाळ. म्हणजे बाया दोन. लहानूची तारा चौथी शिकलेली, नियमाला पाहिजे सातवी. राहिली सोमाची अलका. नववी पास. चुणचुणीत!

मग अडलं कुठं? अलकाला दोन मुली होत्या — आणि फॉर्म भरायला पंधरा दिवस असताना घरातच तिसरी झाली.

तिसरं मूल झालं की उभं राहता येत नाही, मंडळी. कायदा आहे. गाव बसलं कपाळाला हात लावून! सरपंच नाही म्हणजे पाण्याची योजना अडली, रस्ता अडला. तेव्हा पुढे आले गंगाधर नाना. नाना म्हणजे गावाचं डोकं. ते म्हणाले, "यात अवघड काय आहे? ताराला मूलबाळ नाही. लेकरू तिच्या नावावर लावा. घर एकच, अंगण एकच. पोरगी कुठं पळून जाणारे?"

सगळ्यांना पटलं! पटायला काय जातंय हो? लेकरू दुसऱ्याचं!

पाचवीची पूजा झाली अलकाच्या बाजेशी. आणि बाराव्या दिवशी बारसं — पाळण्याशी बसली तारा. तिची ओटी भरली. गावातल्या झाडून सगळ्या बाया आल्या, पाळणा म्हणाल्या, घुगऱ्या खाल्ल्या. नाव ठेवलं पायल. कमलही होती. वाटी घेऊन ती आतल्या खोलीत गेली तर अलका भिंतीकडे तोंड करून बसलेली. छातीला फडकं आवळून बांधलेलं — आणि बाहेर पोर रडलं की ते फडकं ओलं व्हायचं. कमलनं वाटी खाली ठेवली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, सोमा, लहानू कचेरीत हजर.

"आईचं नाव?" कमलनं विचारलं.

"तारा लहानू मेंगाळ," नाना म्हणाले.

कमल सोमाकडं बघते. सोमा पायाच्या अंगठ्याकडं बघतो.

"नाना, हे ऑनलाइन आहे हो. वहीसारखं खोडता नाही येत."

"खोडायचंय कुणाला?" नाना हसले. "आणि तुझ्या नोकरीची ऑर्डर दर वर्षाला नवी निघते ना गं? पुढच्या वर्षी ठराव कोण घेणार? नवी सरपंचच ना?"

कमलनं टाइप केलं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सही ठोकली. कमलनं मनाची समजूत घातली — सांगितलं त्यांनी, सही केली त्यांनी, मी काय, फक्त बटणं दाबली!

अलका बिनविरोध निवडून आली. गुलाल! डीजे! पाण्याची टाकी झाली, रस्ता झाला. आणि अलका? सरपंचबाई रोज अंगण ओलांडून जावेच्या घरात जायची आणि दार लावून लेकराला पाजायची. पायल बोलायला लागली तेव्हा तिला म्हणायला लागली — "काकू".

पायल अडीच वर्षांची झाली आणि लहानूला शहरात कंपनीत काम लागलं. टेम्पो भरला. अलका टेम्पोसमोर आडवी उभी राहिली. "तारे, पोरीला खाली ठेव."

तारा वाईट नव्हती, मंडळी. तिनं अडीच वर्षं त्या पोरीचं हगणं-मुतणं काढलं होतं. ती रडतच म्हणाली, "माझी आहे ती. दाखला बघा ना, अलकाताई."

टेम्पो गेला.

अलका पोलीस चौकीत गेली. हवालदारानं दाखल्यावरचा चौकोन मोबाईलनं स्कॅन केला. "आई तारा. तुम्ही कोण, चुलती? मग तक्रार कसली?" तिथून ती आली कमलकडं. "ताई, एक नाव बदलायचंय. किती वेळ लागंल?"

कमलला तोंड वर करवेना. "अलका, बटणानं भरतं गं. बटणानं निघत नाही. चौकशी लागंल, साक्षी लागतील. आणि तुझं पद जाईल."

"जाऊ दे!"

आणि तिनं खरंच अर्ज दिला — मला पदावरून काढा, तिसरं मूल माझं आहे. आहे का कुठं असा अर्ज? खुर्चीसाठी कोर्टात जाणारे पाहिले, खुर्ची घ्या म्हणून रडणारी ही एकटीच!

तालुक्याचे साहेब आले. कचेरी चाळीस माणसांनी गच्च भरली. जबाब टाइप करायला बसली कोण? कमलच!

साहेबांनी विचारलं, "मूल कोणाचं?"

नाना उठले. "साहेब, बारशाला पाळण्याशी ताराच बसली होती. शपथेवर सांगतो."

एकेक बाई उठली. "ताराच होती, साहेब." "तिचीच ओटी भरली, मी कुंकू लावलं." खोटं एकही वाक्य नाही, मंडळी! एकही नाही! कारण अलका गेली तर गाव पुन्हा बिनसरपंच. चाललेलं कोण मोडणार?

साहेबांनी सोमाला विचारलं. नवरा तो! म्हणाला, "बाळंतपणापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, साहेब."

अलका पटकन म्हणाली, "कुठल्या बाळंतपणापासून? सांग ना! कुठल्या?"

सोमा पुन्हा पायाच्या अंगठ्याकडं. साहेब कमलकडं वळले. "नोंद तुम्हीच केली?"

"हो."

"माहिती कोणी दिली?"

नाना खाकरले. अलका हात जोडून उभी होती. कमलकडं बघत होती. कमलला आतल्या खोलीतलं ते ओलं फडकं आठवलं. भाऊसाहेब आठवले, पुढच्या वर्षीची ऑर्डर आठवली, घरातली सासू, दोन पोरं आठवली. सगळं आठवलं! आणि तोंडातून निघालं —

"आठवत नाही, साहेब."

आणि ते तिला स्वतःच टाइप करावं लागलं. साहेबांनी पुढचं सांगितलं, तेही तिनंच टाइप केलं: अर्जात तथ्य नाही. सरपंच आपल्या पदावर कायम.

गावानं टाळ्या वाजवल्या, मंडळी. अभिनंदन म्हणून अलकाला हार घातला. ती हार घालून बसून राहिली, मुदत संपेपर्यंत. बोरखिंडीचे सगळे कागद तिच्या सहीनं निघत राहिले, आणि त्या कचेरीत कमल तिच्याशी पुन्हा कधी डोळ्याला डोळा देऊ शकली नाही.

कुणी म्हणेल, पोरी, देव कुठं होता? होता की! चाळीस जणांच्या तोंडात जिभा घालून वाट बघत होता — एक तरी हलते का!

आता तुमचं सांगा. त्या कचेरीत तुम्ही असता, तर कोण उठलं असतं? हात वर करा. मागचे आबा, तुमचा अर्धा वर आहे — की कान खाजवताय?

हसू नका. या मांडवात एखादी गोष्ट अशी आहे, जी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी परगावची, मला नाव ठाऊक नाही. पण बघा, मी एवढं म्हटलं आणि किती माना खाली गेल्या!

काका, टाळ नका उचलू. गजर मी देणार नाही अजून. एकानं उठावं, कुणीही. उद्या माझ्या शाळेला उशीर झाला तरी चालेल, मी इथंच उभी आहे.