पहिलं गाणं कुणाचं

अध्यक्ष कर्नल हॉलब्रुक साहेब, मंचावर दाटीवाटीनं बसवलेले पाहुणे, बँडची पोरंपोरी, त्यांचे आईबाप आणि आज ज्याला आपण घरी पाठवतोय तो आपला बँडमास्तर, सार्जंट थॅडियस किम्ब्रेल. मी ऑरव्हिल स्ट्राउड. चाळीस वर्षं खेळाडूंचे बूट आणि हेल्मेटं सांभाळतोय. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे भाषण लांबणार नाही.

मघाशी मानपत्रात थॅडला 'सुरांचा सेनापती' म्हटलं. डिसेंबरात ट्रम्पेटचं तोंड गोठू नये म्हणून काखेत धरून उभा राहणारा हा माणूस. कुठला सेनापती असं करतो?

मानपत्रात नाही ते मी सांगतो.

आईबापांना आपली रीत ठाऊक नसेल. नौदलाच्या शाळेशी आपल्या लष्करी शाळेची फुटबॉलची मॅच संपली की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या, गॅलरीत बसलेल्या पोरांसमोर उभे राहतात. तिथं त्यांच्या शाळेचं गाणं होतं. मग सगळे जिंकलेल्यांकडे जातात, दुसरं गाणं तिथं. म्हणून आपण खेळाडूंना 'जिंकून या' म्हणत नाही, 'दुसरं गा' म्हणतो.

एका वर्षी काय झालं, तर आधीची नऊ वर्षं दुसरं गाणं आपलंच होतं. दहाव्या वर्षी एका गुणानं हरलो, तेही शेवटच्या मिनिटाला. आपला संघ मान खाली घालून निघाला आणि सवयीनं पोचला कुठं? बोकडवाल्यांसमोर. हो, नौदलाच्या संघाचं शुभचिन्ह बोकड आहे, आपलं खेचर, त्यावरून भांडण नको. तेही सवयीनं तिथंच, त्यांच्या स्वतःच्या पोरांसमोर येऊन उभे राहिले. जिंकलेत, हे त्यांच्याही पायांना कळलं नव्हतं. त्यांच्या बँडमास्तरनं तर काठीसुद्धा वर केली.

मी थॅडच्या शेजारीच होतो. हळूच म्हटलं, "गप्प बस. वाजवू दे त्यांना."

"ऑरव्हिल, हरलोय आपण."

"ते तुला कुणी विचारलंय का?"

"त्यांची शेवटच्या वर्षाची पोरं चार वर्षं थांबलीत या दुसऱ्या गाण्यासाठी. आज गेलं तर त्यांना परत मिळणार नाही."

"मग ती त्यांची चूक."

"तू बूट मोज," म्हणाला, आणि वळून बँडला हात केला.

आपलं गाणं सुरू झालं. मैदानाच्या त्या टोकाला आपला कप्तान डेस्मंड व्हेल थबकला. आधी आमच्याकडे बघितलं, मग गुणफलकाकडे. आणि संघाला घेऊन अख्खं मैदान ओलांडून पळत आला. मागून बोकडवालेही आले. हेल्मेटं काढून उभे राहिले आपल्यासोबत. मग आपण त्यांच्याकडे गेलो. त्यांची पोरं दुसरं गाणं गाताना इतकी रडत होती की निम्मे शब्द ऐकूच आले नाहीत.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी थॅडशी आठवडाभर बोलणं टाकलं. त्यांत मीही होतो.

सोमवारी व्हेल बँडच्या खोलीत आला. मी हेल्मेटं न्यायला गेलो होतो, म्हणून कानावर पडलं.

"सार्जंट, चार वर्षांत मी एकदाच हरलो, आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत."

"केलं."

"मला सरळ आत पळून जायचं होतं."

"दिसत होतं. म्हणून जरा जलद वाजवलं."

व्हेल हसला. त्या दिवसांत आपल्यापैकी कुणी हसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

असो. जेवण निवतंय. अध्यक्ष साहेबांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि थॅड, तुझी माफी वेगळी मागतो. त्या दिवशी तू बरोबर होतास. सव्वीस वर्षं झाली, मी म्हटलं नव्हतं.