विहिणी निघाल्या अर्जेंटिनाले

उमरखेडच्या बसस्टँडवर माझ्यामागच्या बाकड्यावर दोन विहिणी बसल्या होत्या, मुलाकडच्या रत्नप्रभाबाई आणि मुलीकडच्या विमलताई. पासपोर्टच्या कामासाठी यवतमाळला निघाल्या होत्या.

"विमलताई, पहिले ब्युनोस आयर्सले नाच पाहू, मंग पाटागोनियाच्या जंगलात."

"डिसेंबरात तिकडं उन्हाळा राह्यते म्हणे. पण आपल्याकडं तं कापसाची वेचणी!"

"वेचतीन यंदा आपले बुढे!"

"अवं बाई! अन् तिथल्या वाऱ्यानं माणूस उडते म्हणे."

"आपण दोघी? वाराच थकन!"

"तंबू एकच भेटन. मी घोरतो बरं, विहीणबाई."

"घोरा. बर्फाच्या डोंगरावर सगळ्यायले एका दोरीनं बांधतेत."

"मंग पुढं तुम्ही. वरमाय आहा."

"नाई बा. लग्नात तुमचा मान राहून गेलता. पुढं तुम्ही."

"तिथं पाहू. यवतमाळची गाडी लागली, उठा!"

"चढा, विमलताई."

"पहिले तुम्ही."

"असं कसं? चढा न."

"तुम्ही मोठ्या."

"मोठी म्हणून तं सांगून राह्यलो, चढा!"

कंडक्टरनं बेल मारली.

"गेली न गाडी, विहीणबाई!"

"म्हणून तं तिकडं दोरीनं बांधतेत!"